भास थांबले, पण तो पलंगावरून उठत नाही

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्य नगरात आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते. भाऊ 21 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. गेल्या दसऱ्याच्या सुमारास शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटू लागलं, मग आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी सायकोसिस सांगून औषधं सुरू केली : रिस्पेरिडोन 4 मिलिग्रॅम रात्री, ट्रायहेक्सिफेनिडिल 2 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. संक्रांतीपर्यंत आवाज थांबले. पण तेव्हापासून तो अकरा-साडेअकराला उठतो, चार-चार दिवस आंघोळ करत नाही, काही विचारलं तर ‘हं’ नाहीतर ‘नको’. पुस्तक उघडतो आणि त्याच पानावर बसून राहतो. बाबा रोज सकाळी ‘ऐदी झालायस’ म्हणून ओरडतात, आई त्याला ताट पलंगावर नेऊन देते. परवा आतेभावानं ओढून सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत नेलं, तर दोन प्लेट भुट्ट्याचा कीस खाल्ला, हसलासुद्धा. बाबा म्हणाले, बघा, खायला बरोबर उठतो! हे औषधांमुळे आहे का? गोळ्या कमी कराव्यात का? त्याचं डोकं पूर्वीसारखं चालेल का? मावशी म्हणते, लग्न करून द्या, सुधारेल. काय करू? — एक ताई, इंदूर

उत्तर : ताई, सराफ्यातला प्रसंग तुम्ही लिहिलात ते फार बरं झालं. सगळ्या पत्रात सर्वांत उपयोगाची माहिती तीच आहे आणि बाबांनी तिचा नेमका उलटा अर्थ लावला आहे.

सायकोसिसमध्ये काही गोष्टी नव्यानं येतात : आवाज, संशय, विस्कळीत बोलणं. आणि आधी असलेल्या काही गोष्टी कमी होतात : काही करावंसं वाटणं, आपणहून बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांत जाण्याची ओढ. या दुसऱ्या गटाला डॉक्टर निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. तिसरा भाग बुद्धीच्या कामकाजाचा, म्हणजे लक्ष, ताजी आठवण, विचाराचा वेग, कामाची आखणी. 1952 साली क्लोरप्रोमॅझिन हे यावरचं पहिलं औषध आलं, तेव्हापासूनची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा परिणाम अडवून काम करतात. पहिल्या गटावर ती चांगली चालतात, उरलेल्या दोन्हींवर फारशी नाही. म्हणून आवाज थांबले की सगळे ‘बरा झाला’ म्हणतात आणि मुलगा मात्र पलंगावर तसाच असतो.

आता सराफा. अशा रुग्णांना समोर आलेल्या गोष्टीची मजा बऱ्यापैकी लागते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. कमी पडते ती त्याआधीची पायरी : ‘तिथे गेलो तर मजा येईल’ असं आधी मनात येणं आणि त्या मजेसाठी एवढे कष्ट घ्यायला हरकत नाही असा हिशोब जुळणं. कीस हातात आला की तो चवीनं खातो. पण घरी बसून त्या किसाची आठवण यावी, उठावं, कपडे बदलावेत, गाडीवर बसावं, एवढं ढकलणारं बळ आतून येत नाही. आळशी मुलगा सराफ्याचं नाव काढताच चपला घालून दारात उभा राहतो आणि पुस्तक म्हटलं की झोपतो. तुमच्या भावाला दोन्हींसाठी कुणीतरी ओढावं लागतं. बाबांना एवढंच सांगा.

पण ‘निगेटिव्ह लक्षणं’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. हुबेहूब असंच चित्र आणखी चार-पाच कारणांनी तयार होतं आणि त्यातली बहुतेक दुरुस्त होण्यासारखी असतात. पुढचे पंधरा दिवस आम्ही तरी आधी याच तपासणीत घालवू.

पहिला संशय औषधांवरच घ्यायला हवा. पहिल्याच आजारातल्या तरुण मुलांना कमी मात्रा पुरते आणि अंग जखडण्याचा त्रास लवकर होतो, त्यामुळे 4 मिलिग्रॅम एखाद्याला जड जाऊ शकतं. तो फाटकापर्यंत चालत जाताना मागून बघा. हात मोकळे हलतात की अंगाला चिकटल्यासारखे राहतात? वळताना एका झोकात वळतो की चार-पाच छोटी पावलं टाकून? उशीवर लाळेचे डाग पडतात का? पापण्या कमी लवतात का? मग एका कोऱ्या कागदावर तीच ओळ पाच-सहा वेळा लिहायला सांगा आणि दोन वर्षांपूर्वीच्या वहीशी ताडून बघा. अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलं असेल तर ते औषधानं आलेलं जखडलेपण असण्याची शक्यता मोठी. असा चेहरा भावनाशून्य दिसतो, पण आत भावना असतात, स्नायू साथ देत नाहीत. तो कागद तारीख घालून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला कामाचा आहे.

दुसरी गोळी ट्रायहेक्सिफेनिडिल. ती याच जखडलेपणावर आणि थरथरीवर देतात. पण ती अ‍ॅसिटिलकोलिन अडवते आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवायला मेंदूला नेमकं तेच रसायन लागतं. शिवाय तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि जवळचं अक्षर धूसर दिसतं. तुमचा भाऊ त्याच पानावर बसून राहतो ना? रस्त्यापलीकडची पाटी नीट वाचता येते आणि हातातलं पुस्तक नाही, असं आहे का, हे त्याला विचारा. अभ्यासात मन नाही म्हणून महिनोन्‌महिने बोलणी खाणाऱ्या मुलाला मुळात अक्षरच दिसत नसेल, तर त्या बोलण्याचा काय उपयोग? ही गोळी सरसकट आणि दीर्घकाळ देऊ नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती अजून लागते का हे तपासायचं असतं, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं. मात्र तुम्ही परस्पर बंद करू नका. एकदम थांबवली तर अंग पुन्हा जखडतं, मळमळ, बेचैनी होते. डॉक्टर ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

तिसरं म्हणजे उदासी. निगेटिव्ह लक्षणांत मुलगा बहुधा ‘काही वाटत नाही’ म्हणतो. उदासीत ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’, ‘आता काय उरलंय’ असं बोलतो, पहाटे जाग येते, डोळ्यांत पाणी येतं. आजाराची पहिली काही वर्षं आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत जोखमीची असतात, म्हणून आडून विचारू नका. ‘मरून जावंसं वाटतं का?’ असंच स्पष्ट विचारा. विचारल्यानं विचार रुजत नाही. गोळ्यांचा महिन्याचा साठा तुमच्या कपाटात ठेवा आणि रोजच्या रोज हातात द्या.

चौथं, आवाज खरंच पूर्ण थांबलेत का? कानात सतत हेडफोन, बोलता बोलता मध्येच थांबणं, एका खोलीत जायचं टाळणं, शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी कायम बंद, यातलं काही असेल तर तो घाबरून घरात बसतोय, इच्छा नाही म्हणून नव्हे. यावरचा उपाय अगदी निराळा.

भांग-गांजाचंही विचारा, आणि शांतपणे विचारा. शिवरात्र-होळीला घोटलेली भांग म्हणजे नशा नव्हे, अशी आपल्या माळव्यात घरोघरी समजूत आहे. सायकोसिस झालेल्या मेंदूला प्रसाद आणि नशा यातला फरक कळत नाही.

झोपेचं गणित सोपं आहे. गोळी रात्री साडेअकराला घेतली जात असेल तर तिची गुंगी सकाळी दहापर्यंत रेंगाळणारच. तीच गोळी नऊला घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सोबत हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉईड, साखर आणि चरबीची तपासणी एकदा करून घ्या, वजन व कमरेचा घेर लिहून ठेवा. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास सापडते आणि ती थकवा, विसराळूपणा वाढवते. रिस्पेरिडोननं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यानं मुलांना छाती सुजणं, लैंगिक इच्छा जाणं असे त्रास होतात. बहिणीला तो हे सांगणार नाही, तेव्हा पुढच्या भेटीत पाच मिनिटं त्याला एकट्याला डॉक्टरांजवळ सोडा.

तुमचा थेट प्रश्न : गोळ्या कमी कराव्यात का? घरी अजिबात नाही. पहिल्या आजारानंतर औषध लवकर सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार उलटतो आणि दर उलट्यासरशी गाडी आणखी मागे जाते. आवाज थांबल्यावरही किमान वर्ष ते दोन वर्षं औषध चालू ठेवायचं असतं. पण डॉक्टरांकडे करण्यासारखं बरंच काही आहे. रिस्पेरिडोन हळूहळू कमी करता येतं. अ‍ॅरिपिप्रॅझोल किंवा कॅरिप्रॅझिनवर बदलता येतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, भास आटोक्यात असलेल्या पण निगेटिव्ह लक्षणं ठळक असलेल्या रुग्णांना 26 आठवडे कॅरिप्रॅझिन किंवा रिस्पेरिडोन दिलं होतं आणि कॅरिप्रॅझिनचा परिणाम सरस दिसला. फरक मध्यम होता, जादू नव्हे. ही औषधं अंगात बेचैनी आणू शकतात, पाय स्वस्थ राहत नाहीत, आणि घरच्यांना तो पुन्हा बिघडला असं वाटतं. बदल केल्यावर पहिला महिना याकडे लक्ष ठेवा. एक गोष्ट मात्र पक्की : मुलगा सुस्त आहे म्हणून मात्रा वाढवली, हा उपाय या लक्षणांवर चालत नाही, उलट भर पडते.

डॉक्टरांकडे जाताना एक पानच न्या. रोज किती वाजता उठला, किती वेळ घराबाहेर होता, आंघोळ, आपणहून बोललेली वाक्यं, लाळ-हात-अक्षर यांची नोंद, आणि खाली तीन प्रश्न : ट्रायहेक्सिफेनिडिल अजून हवं का? मात्रा कमी करून बघता येईल का? उदासी आहे का? ‘तो काही करतच नाही’ असं सांगितलं तर पाच मिनिटांच्या भेटीत नवीन काही घडत नाही.

आता घर. बाबांचं ओरडणं आणि आईचं पलंगावर ताट, दोन्ही थांबायला हवं. लंडनमध्ये ब्राउन, व्हॉन, लेफ या संशोधकांनी केलेल्या कामातून दिसलं की ज्या घरांत सतत टोचून बोलणं, राग किंवा वाजवीपेक्षा जास्त गुंतणं असतं, तिथे रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो, आणि आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर असलं तर अधिकच. त्याच गटानं 1980च्या दशकात चंदीगडमध्ये पाहिलं तेव्हा तिथल्या कुटुंबांत असं टोचून बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. म्हणजे आपल्या घरांना हे जमत नाही असं नाही. बाबांना गप्प बसा म्हणून चालणार नाही, त्यांना काम द्या. संध्याकाळी साडेसहाला मुलाला घेऊन अर्धा तास झपाझप चालणं, आठवड्यातून तीनदा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. आठवड्याला साधारण 90 मिनिटं असा व्यायाम केलेल्यांत लक्षणं कमी झालेली दिसली आहेत आणि लक्ष-स्मरणशक्तीलाही त्याचा थोडा हातभार लागतो. चालताना अभ्यासाचा विषय काढायचा नाही, ही एकच अट. बाबांना ती जड जाईल.

आंघोळीचं बघू. ‘आंघोळ कर’ हे आपल्याला एक काम वाटतं, त्याच्यासाठी ती आठ-नऊ कामांची माळ आहे आणि ती पहिल्याच मण्याला अडकते. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवा, वेळ एकच, चहानंतर. टॉवेल, कपडे, साबण आधीच न्हाणीघरात. गीझर तुम्ही लावा. मग एकावेळी एकच वाक्य : ‘चल, उठ.’ तो उभा राहिला की ‘न्हाणीत जा.’ दारावर आतून चार ओळींचा कागद : डोकं, अंग, पाय, कपडे. मोबाईलवर नुसता गजर लावू नका, गजराला ‘आंघोळ’ असं नाव द्या. विचारल्यावर उत्तरासाठी दहा सेकंद थांबा. त्याचा वेग कमी आहे आणि आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा विचारतो, की तो पहिला प्रश्नही हरवून बसतो. ‘काय खाणार?’ विचारलं की ‘काही नको’ येतं. ‘पोहे की उपमा?’ विचारा. दोन आठवड्यांनी कपडे तो स्वतः काढून घेईल असं करा, मग गीझर. आधार एकेक करून काढायचा, सगळा एकदम नाही. आणि ताट आजपासून टेबलावर, सगळ्यांच्या वेळी. तो आला नाही तर झाकून ठेवा, पलंगावर नेऊ नका.

सराफ्याचा धागा पुढे न्यायचा तो असा. एक छोटी वही घ्या. कुठलीही गोष्ट करण्याआधी त्याला विचारा, दहापैकी किती मजा येईल? तो ‘दोन’ म्हणेल. करून आल्यावर लगेच विचारा, किती आली? ‘सहा’ आलं तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. पुढच्या वेळी ‘नको’ म्हणाला की वाद घालू नका, वही उघडून गेल्या वेळचे आकडे दाखवा. त्याच्या मेंदूला भविष्यातली मजा दिसत नाही, म्हणून ती कागदावर दाखवायची. आठवड्यात दोन नोंदी पुरेत. आतेभाऊ या कामाला उत्तम, त्याला सोडू नका. मात्र गर्दी झेपत नसेल तर शनिवारच्या रात्रीऐवजी मधल्या वारी जा.

अभ्यासाचं. बुद्धी गेलेली नाही, पण वेग आणि एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात धरण्याची ताकद कमी झालेली असू शकते. वर्गात ऐकणं आणि लिहून घेणं एकदम जमत नाही, ते याचमुळे. औषधं स्थिर झाली, गुंगी उतरली की क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून बुद्धीच्या कामकाजाची चाचणी करून घ्या, बहुधा दोन बैठकी लागतात. तुमच्या शहरात एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. चाचणीत काय दुबळं आणि काय शाबूत हे कळलं की कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे लक्ष-स्मरणशक्तीचा शिकवणीसारखा सराव, कुठे मिळेल ते विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने, शिकवणाऱ्या माणसाबरोबर आणि जोडीला एखादं खरंखुरं काम, असं असेल तर त्याचा गुण येतो. मोबाईलवरचे मेंदूचे खेळ एकट्यानं खेळून माणूस त्या खेळातच हुशार होतो.

तोवर घरी : दिवसाला 15 मिनिटांच्या दोन बैठकी, एकच विषय, पहिल्या वर्षाच्या सोप्या धड्यापासून. वाचून झालं की पुस्तक मिटून तीन ओळी लिहायच्या. आठवडाभर जमलं तर 20 मिनिटं. कॉलेजला उपचारांचे कागद आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन तुम्ही जा, एका वर्षाचं अंतर मागा आणि परतताना पूर्ण सत्राऐवजी दोन-तीनच विषय देता येतील का ते विचारा. सगळे विषय एकदम आणि त्यात नापास, हा या वयातला आजार उलटण्याचा नेहमीचा रस्ता. मानसिक आजाराचा 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, 40 टक्क्यांवर प्रमाणपत्र मिळालं तर सवलती मिळतात. पण आत्ता त्या कागदामागे धावू नका, वर्षभरानं गरज उरली तर बघू.

डोकं पूर्वीसारखं चालेल का? पहिल्या आजारानंतर बुद्धीचं कामकाज वर्षागणिक घसरत जातं ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. ते साधारण टिकतं, काहींचं सुधारतं. तंतोतंत पूर्वीसारखं होईल असं वचन कुणी देऊ नये आणि तुम्ही घेऊही नये. सहा महिन्यांत आठवड्यातून तीन आंघोळी, सकाळी नऊची जाग आणि दोन विषय झाले, तर आम्ही ते चांगलं म्हणू. गणपतीत मंडळात त्याला कमी बोलण्याचं, ठरलेल्या वेळेचं एखादं काम मिळालं तर बघा, सतरंज्या घालणं, चपलांची रांग.

आवाज परत आले, दोन रात्री झोप नाही, जेवण-पाणी सोडलं, मरणाचं बोलला, किंवा ताप येऊन अंग लाकडासारखं कडक झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. शेवटचं लक्षण दिसलं तर पुढची गोळी न देता थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416.

आणि मावशी. त्यांना सांगा, लग्न हे औषध नाही. ज्याला आत्ता आंघोळीची माळ झेपत नाही त्याच्यावर सासर-माहेर, अपेक्षा, रात्रीची जागरणं घालणं म्हणजे आजार उलटायला बोलावणं. तो कमावता झाला, दोन वर्षं स्थिर राहिला आणि त्याला स्वतःला हवं असलं, तर मुलीला आणि तिच्या घरच्यांना गोळ्यांसकट सगळं आधी सांगून बघता येईल.